कोयता खुंटीलाच होता

१

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हिंदुराव जमादार आपल्या जुन्या गुऱ्हाळाच्या शेडमध्ये शिरले आणि दारातच थबकले. भिंतीशी ओळीनं उभ्या केलेल्या डझनभर वावड्यांचे नुसते कामट्यांचे सांगाडे उरले होते. त्यांच्यावरचं मांजरपाटाचं कापड गेलं होतं आणि दोर सुटून जमिनीवर पडले होते.

वावडी म्हणजे पतंगाची थोरली बहीण, पुरुषभर उंचीची. भीमेवर धरण झालं, जुनं बोरटेक पाण्याखाली गेलं, नवं बोरटेक पाण्याच्या काठावर येऊन बसलं आणि गावाला एक नाद लागला. मोडीत निघालेली काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची ती पसरट लोखंडी कढई, पाण्यात सोडायची, दोघांनी तीत बसायचं, वावडी वाऱ्यावर चढवायची आणि तिच्या ओढीनं पाणी कापत सुटायचं. आषाढ-श्रावणातला पश्चिमेचा वारा मोटारसायकलीला मागं टाकतो. शहाणी माणसं याला खूळ म्हणत, आणि शहाण्या माणसांचीच पोरं त्यात पुढं असत.

त्या वर्षी, सत्त्याण्णव साली, काठालगत काटेरी तार ओढायचं वरून ठरत होतं. काठ कुठल्याशा बोटिंग क्लबाला द्यायचा आणि गावानं लांबून पाणी बघायचं. बोरटेकनं हरकत घेतली, तेव्हा पाटबंधारे खात्याचा साहेब म्हणाला होता, "तुमची काठावर वहिवाट असेल तर डोळ्यांनी दाखवा. मी पंचमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी येतो."

हिंदुरावांचा भाचा संभाजी महिनाभर सायकल दामटत फिरला. वरकुट्याचे, शेळगावचे, थेट सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्यातले वावडीवाले त्यानं गोळा केले. वावड्या सगळ्यांच्या एकसारख्या दिसाव्यात म्हणून एकाच ताग्यातून शिवून घेतल्या. साहेब यायला आता अर्धा दिवस उरला होता आणि त्याला दाखवायला हातात काड्या राहिल्या होत्या.

हिंदुरावांनी तीस वर्षं पोलिसात काढलेली. खाकी उतरली तरी आवाज उतरला नव्हता. गाव शेडपुढं जमला आणि सगळ्यांनी त्यांच्याच तोंडाकडं पाहिलं. त्यांना ते आवडलं, हे इथंच सांगून टाकलेलं बरं.

आदला दिवस त्यांनी मनात उलगडून पाहिला. सकाळी काठानं येताना सोमनाथ दिसला होता. तारेच्या खांबांचं कंत्राट त्याला मिळणार अशी बोलवा होती, आणि हा पठ्ठ्या पंचमीच्या दिवशी माणसं लावून खड्डे खणत होता. पंचमीला जमीन खणायची नाही, काही चिरायचं-कापायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, बायका सुईसुद्धा हातात धरत नाहीत. हिंदुरावांनी त्याला चार शिव्या घातल्या होत्या. दुपारी सगळा गाव वारुळाला, झोक्यांवर आणि फुगड्यांत. संध्याकाळी ते बहिणीकडं, साखरबाईकडं जेवायला गेले. भावासाठी तिचा उपास असतो. तिनं उकडलेली दिंडं वाढली, वर तूप घातलं. तिच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, काटा लागला.

एवढ्यात गर्दीतून कुणीतरी बोललं, "ज्ञानदेवाच्या दोन वावड्या मातूर बऱ्या शाबूत ऱ्हायल्या."

आणि सगळी गर्दी एका अंगाला वळली.

२

ज्ञानदेव बारामतीच्या एका कारखान्यात फिटर होता. त्याच्या वडिलांनी छप्पन्न साली धम्म घेतला, तेव्हापासून त्या घरात ना पंचमी ना वारूळ. गावाचा घाट देवळापुढं, फरसबंदी. ज्ञानदेवाच्या वस्तीच्या काहिली मात्र खालच्या अंगाला खडकातून पाण्यात उतरत. तसा नियम कुणी केलेला नव्हता. मोडायला मात्र कुणी देत नव्हतं. गेल्या साली ज्ञानदेवानं तोंड उघडून विचारलं होतं की घाट सगळ्यांचा का नाही, तेव्हा लोकांनी हसून विषय बदलला. यंदा काहिली जास्त हव्यात म्हणून संभाजी स्वतः वस्तीवर आमंत्रण द्यायला गेला आणि ज्ञानदेव हो म्हणाला.

म्हणजे राग होता आणि वावड्याही शाबूत होत्या. जमादारांना तेवढं पुरलं.

"ज्ञान्या, चल, घर दाखव," ते शेडपुढच्या पारावर उभे राहून म्हणाले. वरकुटे-शेळगावचे पाहुणे ऐकत होते.

ज्ञानदेव पुढं चालू लागला. त्याच्यापेक्षा दोनचार वर्षांनी लहान असलेल्यांनाही हिंदुराव 'राव' लावून बोलत, हे त्यालाही माहीत होतं आणि त्यांनाही.

झडती झाली. तिचं फार वर्णन करायला नको. ज्ञानदेवाची मुलगी प्रियदर्शनी बारामतीला कॉलेजात शिकत होती. तिची ट्रंक अंगणात उपडी केली गेली, कपडे, वह्या, सगळं मातीत. ती एकेक उचलून झटकत राहिली, रडली नाही. हिंदुरावांनी भिंतीवरची बुद्धाची तसबीर स्वतःच्या हातानं उतरवली, मागं काही दडवलंय का पाहिलं आणि खाली जमिनीवर ठेवली. परत लावली नाही. कोपऱ्यात खताच्या निळ्या पिशव्यांच्या दोन वावड्या होत्या आणि त्यांच्याशेजारी एक मोठी कातर.

"हे बघा," म्हणत त्यांनी कातर उंच धरली. गर्दीतून एक हुंकार उठला.

ज्ञानदेव तेव्हा पहिल्यांदा बोलला. आवाज न चढवता बोलला. "जमादार, गावाच्या वावड्या तुमच्या शेडमंदी ठेवल्या. माझ्या माझ्या घरात का हायती, तेवढं सांगा की ह्यास्नी."

हिंदुरावांना उत्तर ठाऊक होतं. पंचमीच्या आदल्या दिवशी ज्ञानदेव त्या दोन वावड्या डोक्यावर घेऊन शेडच्या दारात आला होता. आत आणखी चार मावल्या असत्या. आणि दारात आडवा हात लावून 'जागा न्हाय' असं म्हणणारे खुद्द हिंदुरावच होते.

ते कातर घेऊन निघून आले.

३

मुद्देमाल न बघता आरोपी धरायचा नाही, हे त्यांनी नव्या शिपायांना आयुष्यभर शिकवलं होतं. शेडमध्ये परत आल्यावर त्यांना ते आठवलं. उशिरा का होईना, आठवलं.

काहिलीखालच्या जुन्या भट्टीच्या, चुलवणाच्या, तोंडाशी पांढरं काही दिसत होतं. त्यांनी वाकून हात घातला. आत मांजरपाट होता, सगळ्या वावड्यांचा. त्याच्या नीट घड्या घातलेल्या होत्या, लग्नाच्या बस्त्यातल्यासारख्या. राख लागू नये म्हणून खाली गोणपाट अंथरलेलं होतं.

त्यांनी एक घडी उलगडून दारातल्या उजेडात धरली. कापड कुठंही फाटलेलं नव्हतं की कापलेलं नव्हतं. कडेनं सुईची भोकं ओळीनं शाबूत होती, फक्त दोरा नव्हता. शिवण उसवली होती, टाका टाका करून. दोरांच्या गाठीही कुणी तोडल्या नव्हत्या. नखं लावून सोडवल्या होत्या. गोणपाटात बाभळीचा एक लांब काटा खोचलेला होता आणि त्याला पांढऱ्या दोऱ्याचं टोक गुंडाळलेलं होतं.

हिंदुरावांनी मान वर केली. समोरच्या खांबाला, हात लांबवला तर मिळेल असा, ऊस तोडायचा कोयता खुंटीला लटकत होता. धार लावलेला. दोन घावांत एक वावडी निकालात निघाली असती. ज्याला नासधूस करायची, तो हाताशी कोयता असताना काट्यानं टाके उसवत का बसेल?

उत्तर सोपं होतं. ज्याला त्या दिवशी पातं हातात धरायचं नव्हतं, तो. सुईसुद्धा धरायची नव्हती, तो. म्हणजे हे काम पंचमीच्या दिवशीच झालेलं होतं, गाव वारुळाला गेलेला असताना, आणि करणारा पंचमी पाळणारा होता. ज्ञानदेवाच्या घरात पंचमी नव्हती. त्याला कोयत्याची अडचण काय होती? आणि ती कातर, जी त्यांनी चारचौघांत झेंड्यासारखी धरली होती, तिनं तर काहीच कापलेलं नव्हतं.

तरी मन चुकार असतं. अजून एक माणूस होता ज्याच्यावर हे ढकलता आलं असतं. ते तडक सोमनाथाकडं गेले. सोमनाथ आपल्या खड्ड्यांपाशीच भेटला. कंत्राट अजून त्याच्या नावावर नव्हतं, पण खड्डे तयार ठेवले की साहेब आपल्यालाच देईल, असा त्याचा हिशोब. वावड्यांचं नाव काढताच तो हसला.

"आबा, मला मोडायच्या आसत्या तर काडी लावली आसती. शेड कोरडं ठाक हाय. घड्या घालत बसायला मी काय परीट हाय व्हय?"

ते खरंच होतं. जो पंचमीला भर दिवसा जमिनीत पहार घालतो, तो पातं धरायला कचरणार नाही. हिंदुरावांनी स्वतःच त्याला त्यापायी शिव्या दिल्या होत्या.

परत येताना ते शिवणीचाच विचार करत होते. शिवण उसवायची तर आधी शेवटची गाठ सापडावी लागते, आणि वावडीच्या शिवणीत ती दुमडीत लपवलेली असते. बाराच्या बारा ठिकाणी ती गाठ अचूक सोडवलेली होती. लपवणाऱ्या हातालाच ती ठाऊक.

त्या बारा वावड्या एकाच बाईनं शिवल्या होत्या. तिच्या बोटाला काल चिंधी होती.

४

साखरबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. भावाला पाहून तिनं सूप बाजूला ठेवलं. हिंदुरावांनी काटा तिच्यापुढं धरला. त्या घरात कालच त्यांनी तूप घालून दिंडं खाल्ली होती.

तिनं नाकारलं नाही. सगळं सांगू लागली.

दोन पावसाळ्यांपूर्वी तिचा धाकटा मुलगा सिद्धू अशाच वाऱ्यात काहिलीतून पाण्यात पडला, तो सापडला थेट तिसऱ्या गावाला. त्याच्या राखेवर हात ठेवून तिच्या थोरल्यानं, संभाजीनं, शपथ घेतली होती की मी काहिलीत पाय ठेवणार नाही. त्या भरवशावर तिनं महिनाभर वावड्या शिवल्या. तारेमुळं गावाचं पाणी तुटू नये असं तिलाही वाटत होतं. पण पंचमीच्या सकाळी विहिरीवर तिला बायकांकडून कळलं की पहिल्या काहिलीत संभाजीच बसणार.

"तुला ठावं हुतं का न्हाय, दादा?"

हिंदुरावांना ठाऊक होतं. 'मामा, आईला सांगू नका' असं संभाजी म्हणाला होता आणि मामांनी कौतुकानं त्याची पाठ थोपटली होती.

"कापलं आसतं तर लवकर झालं आसतं," ती म्हणाली. "पर पंचमी हुती. तुझा उपास हुता मला. म्हनलं, पात्याचं पाप भावाला लागंल."

हिंदुरावांनी विचारलं, आणि विचारताना त्यांचा आवाज पोलिसाचा राहिला नाही. "आनि ज्ञानदेवाचं घर आमी उसकलं, तवा तू कुठं हुतीस?"

"हितंच. आईकत हुते." तिनं पदर तोंडाशी धरला. "येक पाऊल टाकलं आसतं तर झालं आसतं. जीभच उचलली न्हाय. मनात आलं, त्येंच्यावर गेलं तर जाऊ दे, त्येंच्यावर जातंच. सवय हाय त्येंना."

तिनं बोलून दाखवलं होतं एवढंच. सकाळी पारावर उभं राहताना हिंदुरावांच्या मनातही दुसरं काही नव्हतं. लाज वाटणं म्हणजे काय ते त्यांना साठाव्या वर्षी कळत होतं. बहिणीच्या ओट्यावरून त्यांना उठवेना. पंचमीचं पातं जपलं होतं आणि माणूस जपला नव्हता, दोघांनीही.

उठले तेव्हा त्यांनी तिला एवढंच सांगितलं, की मी आता ज्ञानदेवाकडं जातो, पुढचं तुझं तू बघ.

५

तसबीर परत भिंतीवर लागलेली होती. प्रियदर्शनीनं त्यांना दारातच पाहिलं आणि ती आत न बोलावता बापाला हाक मारून बाजूला झाली.

हिंदुरावांनी कातर उंबऱ्यावर ठेवली. सगळं सांगितलं, काटा, घड्या, खुंटीचा कोयता, बहिणीचं नावसुद्धा. मग हात जोडले. "ज्ञानदेवराव, माझं चुकलं. मला माफ करा."

"सकाळी ज्ञान्या हुतो," ज्ञानदेव म्हणाला.

त्यानं पाराच्या दिशेनं हात केला.

"आरोप पारावर केला आनि माफी माझ्या दारात व्हय, जमादार? हितं कोन हाय आईकायला? ही पोरगी. हिला तर आधीच ठावं हुतं."

बाहेर वारा उठला होता. लांबून जीपचा आवाज आल्यासारखा झाला. हिंदुरावांना दुसरंही एक मागायचं होतं आणि ते मागायला तोंड उरलं नव्हतं. उसवलेलं पुन्हा शिवायला वेळ नव्हता. अख्ख्या पंचक्रोशीत पाण्यावर चढवण्याजोग्या दोनच वावड्या होत्या, आणि त्या याच घरात होत्या, कारण त्यांना शेडमध्ये जागा दिली नव्हती.

ज्ञानदेवानं ते न सांगता ओळखलं. तो आत गेला आणि एक निळी वावडी घेऊन आला. दुसरी प्रियदर्शनीनं उचलली.

"तुमच्यासाठी न्हाय येत," तो म्हणाला. "पानी माझंबी हाय. पर आज खालच्या अंगानं उतरनार न्हाय. घाटावरनं उतरनार."

६

घाटावर दोनेकशे माणूस होतं. वरकुट्याचे आणि शेळगावचे वावडीवाले उघडे सांगाडे धरून उभे होते. साहेब जीपच्या सावलीत खुर्चीवर बसलेला. ज्ञानदेव आणि त्याची मुलगी निळ्या वावड्या घेऊन फरसबंदीवर आले तशी गर्दी फाकली. वाट दिली की अंग चोरलं, ते सांगणं अवघड.

हिंदुराव पायरीवर चढले. सकाळचाच आवाज त्यांनी पुन्हा काढला, मुद्दाम, तेवढाच मोठा. ज्ञानदेवरावांनी काही केलेलं नाही. त्यांच्या वावड्या घरात होत्या कारण मीच त्यांना शेडच्या दारातून परत लावलं होतं. वावड्या उसवणारं माणूस माझ्या घरातलं आहे. पुढचं नाव ते घेणार, एवढ्यात बायकांच्या घोळक्यातून साखरबाई पुढं आली, "म्या उसवल्या," म्हणाली, आणि सगळ्यांच्या देखत खाली बसली. संभाजीच्या हातातलं वल्ह्याचं फळकूट गळून पडलं. तो आईजवळ जाऊन बसला आणि त्या दिवशी काहिलीत चढला नाही.

वस्तीवरच्या पोरांनी दोन काहिली वळवून घाटाशी आणल्या. एकीत ज्ञानदेव आणि त्याचा चुलतभाऊ बसले, दुसरीत वस्तीतलीच दोघं जणं. वावडीचा दोर ताणला, काहील फरशीला घासून सुटली आणि वाऱ्यानं तिला उचलल्यासारखं पाण्यावर नेलं. काठावरची माणसं सगळं विसरून ओरडली. साहेबही उठून उभा राहिला. दोन्ही काहिली लांब वळसा घेऊन वल्ह्यांनी परत येईपर्यंत तो बसला नाही.

मग त्यानं पेन काढलं आणि जवळच उभ्या असलेल्या हिंदुरावांना विचारलं, "वहिवाट जुनी लागते. या लोकांची या घाटावरची वहिवाट किती वर्षांची?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. 'धरण झाल्यापासून' एवढं म्हटलं की काठ वाचत होता. संभाजी आईजवळून मामाकडं बघत होता. ज्ञानदेव ओल्या अंगानं पायरीवर उभा होता, तोही बघत होता.

हिंदुरावांनी टोपी काढली. "ह्यांची घाटावरची वहिवाट आजपासनं, साहेब. ह्येच्याआधी आमी येऊ दिलं न्हाय. तुमची तार अजून यायची हाय. आमची पयल्यापासनं हुती."

साहेबाचं पेन थांबलं. मागून कुणीतरी दातओठ खाऊन पुटपुटलं, म्हाताऱ्यानं काठ घालवला.

"घाटावर आजपासनं," ज्ञानदेव म्हणाला. "काठावर मातूर पानी आलं त्या सालापासनं. खाली खडकात आमची उतरायची जागा हाय. चला, दावतो."

साहेब निघाला, त्याच्यामागं ज्ञानदेव आणि प्रियदर्शनी, आणि मग हळूहळू सगळा गाव. वाट काट्याकुट्यांची, शेराच्या कुंपणातून जाणारी. हिंदुराव इतकी वर्षं बोरटेकात राहिले, या वाटेनं कधी उतरले नव्हते. खाली खडक पाण्यात शिरत होता आणि त्याच्यावर काहिली ओढून ओढून चाकोरीएवढी खोल, तांबूस गंजाची घळ पडलेली होती. साहेब उकिडवा बसला, घळीत बोट फिरवून पाहिलं आणि लिहू लागला. दरवर्षी जड लोखंड हातांनी ओढत, अनवाणी, या धारेवरून माणसं उतरली होती, आणि गावाचा काठ आता त्याच खुणेवर राहणार होता.

लिहून झाल्यावर साहेब वर गेला, त्याच्यामागं लोकही गेले. हिंदुराव मागं राहिले. प्रियदर्शनी खडकावर पसरलेला ओला दोर गुंडाळत होती. त्यांनी दुसरं टोक उचलू का म्हणून विचारलं.

"राहू द्या, आबा," ती म्हणाली. "आमचं आम्ही करतो."

ते टोपी हातात धरून तिथंच उभे राहिले.